स्वच्छ पाण्याचा वैरी

गटाराला घाण वास आला नाही, तर कराळेनानांना जेवण जात नाही.

आमच्या नगरपालिकेत ते भुयारी गटाराचे मुकादम. चेंबरचं झाकण उचलायचं, गुडघे टेकून वाकायचं आणि अत्तरवाल्याच्या दुकानात घ्यावा तसा श्वास ओढायचा. वास झणझणीत असला की चेहरा खुलतो. "एक नंबर माल!" म्हणतात. पण पाणी नितळ दिसलं की संपलंच. "मॅडम, ह्याच्यात पाव्हणा घुसलाय." पाव्हणा म्हणजे चांगलं पाणी. दोन वर्षांपूर्वी मी इंजिनिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा नानांनी पहिल्याच दिवशी मला भर चौकात चेंबरपाशी ओणवं केलं आणि "घ्या, वास घ्या" म्हणाले. पानटपरीवरची माणसं बघत होती. मी घेतला. दुसरं करणार काय?

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नाना लगेच ओळखू येतील.

भुयारी गटारात फक्त न्हाणीघराचं आणि संडासाचं पाणी यावं, पावसाचं उघड्या नाल्यात जावं, हे मी कॉलेजात चार वर्षं घालवून शिकले. नाना हे पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहूनच शिकून आले होते. "आमी हंडाभर पान्यासाठी दोन कोस जायचो, आन् हितं लोक आभाळातलं पानी संडासाच्या पायपात घालत्यात. ह्यांचं काय करावं?"

लोक तसं करतात त्याला कारण आहे. स्लॅबचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडलं की भांडण होतं. भांडण पोलीस चौकीपर्यंत जातं. मग एखाद्या रविवारी गुपचूप गवंडी बोलवायचा आणि पन्हाळीचा पाइप चेंबरमध्ये सोडून द्यायचा. दोन्ही घरं खूश. पण मोठा पाऊस झाला की एवढं पाणी पाइपात मावत नाही, आणि ते सगळ्यांत सखल घरातून उलटं वर येतं. आमच्याकडे ते घर म्हणजे खालच्या आळीतलं हौसाबाईंचं. त्यांचे मालक अर्धांगानं खाटेवर आहेत. गेल्या पावसाळ्यात दोनदा त्या खाटेखाली गावाची घाण फिरली.

म्हणून नाना पाव्हणे शोधत हिंडत. रंगपंचमीचा उरलेला रंग त्यांच्या पिशवीत बारा महिने. कुणाच्याही स्लॅबवर चढायचं, कुरडया सरकवायच्या, पन्हाळीत गुलाबी पाण्याची बादली ओतायची आणि खाली चेंबरवर मला उभं करायचं. गुलाबी पाणी आलं की वरून ओरडायचे, "सापडला का पाव्हणा?" बायका शिव्या द्यायच्या. नाना शांतपणे पाइप तोडून नाल्याकडे वळवून द्यायचे आणि जाताना चहा मागायचे. तो त्यांना मिळायचाही; कसा, ते मला कधी कळलं नाही.

एकच ठिकाण ते टाळत. वरच्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय. पत्र्याचं एवढं मोठं छप्पर, पण नाना म्हणायचे, "त्ये मी बगितलंय. तिथं काय न्हाई." मी दोनदा विचारलं, दोन्हीदा हेच उत्तर. मला राग यायचा, पण मुकादमाचा शब्द म्हणून गप्प बसले. ती माझी चूक.

यंदा जूनच्या अखेरीस एका दुपारी आभाळ काळं झालं. सत्तर घरांचे पाइप तोडून झाले होते, तरी आदल्याच आठवड्यात हौसाबाईंच्या न्हाणीतून पाणी उलटलं होतं. आता येणारा पाऊस साधा नव्हता. माझं डोकं फिरलं. रंगाची पिशवी मीच उचलली.

"चला नाना, मंगल कार्यालय."

"मॅडम, नका."

"का नको?"

नाना नुसतेच माझ्या मागोमाग आले. कार्यालयाच्या मागच्या भिंतीला छपराचा जाडजूड पाइप उतरून जमिनीत शिरला होता. पालिकेच्या शिपायाला बादली घेऊन शिडीवर चढवलं. मी रस्त्यावरच्या चेंबरकडे वळले, तर नाना झाकणावर पाय रोवून उभे.

"उगडू नका. गुलाबीच येनार हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच जोडलाय त्यो."

तेवढ्यात कार्यालयाचे मालक बाहेर आले. त्यांच्यादेखत नाना बोलले. अठरा वर्षांपूर्वी नानांच्या मुलीचं, रूपीचं लग्न तिथं होतं. तेव्हा नाना पालिकेत फिटर होते. अक्षतांच्या आधी तासभर धो धो पाऊस आला, छपराचं पाणी मांडवात शिरलं, नवरीच्या पाटाखालून वाहायला लागलं. वऱ्हाड परत निघायच्या गोष्टी करू लागलं. नानांनी अंगातला नवा सदरा काढला, पहार घेतली, चेंबरच्या भिंतीला भोक पाडलं आणि पाइप आत सोडला. "दोन तासांपुरतं, म्हनलं. दुसऱ्या दिवशी काडीन."

दुसऱ्या दिवशी मालक काढू देईनात. काढलास तर कुणी जोडला ते साहेबांना सांगेन, म्हणाले. नोकरी नवी, घरात तिघंजण खाणारी. नाना घाबरले आणि घाबरलेलेच राहिले. हा एक पाइप तोडता येईना, म्हणून गावातले बाकीचे सगळे तोडत सुटले होते. मी त्यांना विक्षिप्त समजत होते. मला फार वाईट वाटलं.

"उद्या लग्न आहे माझ्याकडं," मालक म्हणाले. "पाणी मांडवात आलं तर?"

"यीऊ द्या," नाना म्हणाले. "माझ्या पोरीच्या टायमाला यीऊ दिलं असतं, तर लई बरं झालं असतं."

पहिले थेंब पडत होते. नानांनी करवतीनं पाइप कापला. तोंड नाल्याकडे फिरवलं, आणि चेंबरच्या भोकात सिमेंट कोंबलं. मला हात लावू देईनात. मग नाना भिजत, जवळजवळ पळतच, खालच्या आळीला गेले; मी त्यांच्या मागे.

हौसाबाई दारात पोतं अंथरत होत्या. नानांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या.

"रूपीचं लगीन? मी वाडायला हुते तवा पंगतीत," त्या म्हणाल्या. "पोरीचं लगीन मोडू द्यायचं हुतं का मंग?"

नाना वाकून पोत्याचं टोक नीट करू लागले.

"पन सांगायचं हुतं की वो. एवडी वर्सं मी देवाला शिव्या घातल्या."

"आता मला घाला," नाना म्हणाले.

"घालनारच हाय. आत या आदी."

बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही तिघं न्हाणीच्या दारात बसलो, खाटेवरून हौसाबाईंचे मालकही मान वळवून जाळीकडे बघत होते. अर्धा तास गेला. जाळीतून थेंबही वर आला नाही. तेव्हा कुठे हौसाबाईंनी पदर खोचला आणि शिव्यांना सुरुवात केली. एकेक वर्षाचा हिशेब घेत, सावकाश, मनापासून. आणि नाना कोरड्या फरशीवर मांडी घालून बसले होते, प्रत्येक शिवीला मान हलवत "व्हय, व्हय" म्हणत होते, आणि ढसाढसा रडत होते.