मंडळाची पहिली केस

टेलरमास्तरांनी कपाटातला शेवटचा गठ्ठा उपसला, गुडघे टेकून मशीनखाली पाहिलं, आणि मग बावीस वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं ते केलं. बायकोकडे बोट दाखवलं.

"तूच उचललंस ते कापड. काल कपाट आवरलंस ना, तेव्हाच."

मास्तरीणबाई कोपऱ्यात काजं करत बसल्या होत्या. त्यांची सुई थांबली. "कुठलं कापड?"

"प्रिन्सिपॉलबाईंच्या कोटाचं, बारीक किरमिजी रेघेचं! परवा संध्याकाळी त्यांना तो घालून भाषणाला उभं राहायचंय."

"मग मी काय करू त्या कापडाचं?"

"उशांचे अभ्रे. शिवायचे म्हणत होतीस."

"चार वर्षं म्हणतेय. शिवले का?"

"कापड नव्हतं म्हणून नाही शिवलेस! आता मिळालं."

या तर्कावर मास्तरांचं त्यांनाच कौतुक वाटलं. बाईंनी मात्र सुई टाचण्यांच्या गादीत टोचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "उद्या रविवार. तुमच्या मंडळाची बैठक आहे ना? माझी केस घ्या."

आता हे मंडळ म्हणजे 'निरपराध पुरुष मंडळ'. मास्तर त्याचे अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईक बाईंनी भर दुकानात, चार जणांसमोर, मास्तरांवर अर्धा मीटर रेशीम मारल्याचा आरोप केला होता. रेशीम पुढे त्या बाईंच्याच कपाटात सापडलं. पण तोवर सहा महिने लोक दुकानात कापड मोजून ठेवत आणि मोजून उचलत. त्या बाई काही परत फिरकल्या नाहीत, माफी तर लांबच. ते मास्तरांच्या इतकं मनाला लागलं की बाईमाणसाचा शब्द म्हणजे पुरावा आणि पुरुषाचा शब्द म्हणजे कांगावा, हा सगळा स्त्रीवादाचा प्रताप आहे, असं ते बटण लावता लावताही बोलू लागले. सगळ्यात जास्त प्रिन्सिपॉलबाईंशी. त्या महिला मंचाच्या अध्यक्षा. गळ्याचं माप देता देता त्या उलट जबाब देत, आणि टेप हातात धरून दोघं अर्धा अर्धा तास भांडत. तरी कोट शिवायचा तर मास्तरांकडेच.

मंडळाला तीन महिने झाले होते. अध्यक्ष होते, सचिव होते, दोन सभासद होते. खोट्या आरोपाने पोळलेला माणूस तेवढा अजून एकही आला नव्हता.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बैठक भरली. भिंतीवर नवा कोरा कापडी फलक. राखाडी कापडावर पांढऱ्या रंगात वीतभर अक्षरं: 'निरपराध पुरुष मंडळ – खोटा आरोप सहन करणार नाही.' त्याच्या बरोब्बर खाली मास्तरीणबाई स्टूल ओढून बसल्या.

"वहिनी, चहा ठेवायला आलात का?" चष्म्याच्या दुकानवाल्याने आशेने विचारलं.

"नाही. माझ्यावर खोटा आरोप झालाय. दाद मागायला आलेय."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, "पण मंडळ पुरुषांचं आहे, वहिनी."

"अर्जात स्त्री की पुरुष असा रकानाच नाही. मी बघितलंय. नाव, पत्ता आणि आरोप."

सचिव होते निवृत्त कंडक्टर. त्यांनी अर्ज निरखला. "रकाना नाही, खरंय. आणि तीन महिन्यांत एक तरी केस आलीय, मास्तर. परत कशी पाठवायची? आरोप कुणी केला?"

"अध्यक्षांनी."

कंडक्टरांनी लिहिता लिहिता पेन उचललं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"अगं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर…" मास्तर पुटपुटले.

"अहो, त्या रेशमाच्या वेळी तुम्ही घरातच बसला होतात. चव्हाट्यावर जाऊन भांडलं कोण?"

ते खरंच होतं. सहा महिने रोज सकाळी शटर उघडून दारात स्टूल टाकून बसल्या होत्या त्या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देत. मास्तरांनी कान खाजवला.

"शिस्तीत घेऊ," कंडक्टर म्हणाले. "आधी ठराव वाचा."

मास्तरांनी खिशातून कागद काढला. गुरुवारी दुपारी, बायको बहिणीकडे गेलेली असताना, त्यांनी एका दमात ठरावही लिहून काढले होते आणि फलकही शिवला होता. "ठराव पहिला. पुरावा मिळेपर्यंत कुणालाही दोषी धरू नये. ठराव दुसरा. आरोप खोटा ठरल्यास आरोप करणाऱ्याने लेखी माफी मागून ती आठ दिवस दर्शनी भागात लावावी." शेवटचे शब्द जरा हळू आले.

"बघू," म्हणून कंडक्टरांनी कागद घेतला आणि उलटा करून पाहिला. तीस वर्षांच्या नोकरीत दोन्ही बाजू बघितल्याशिवाय त्यांनी तिकीट परत दिलं नव्हतं. "हे काय? 'प्रिन्सिपॉलबाई. कोट. उंची बेचाळीस, खांदा पंधरा, बाही तेवीस…'"

मास्तरांचा चेहरा उतरला. कापडाला टाचलेली मापाची चिठ्ठी. हाताशी कागद नव्हता म्हणून त्यांनी जी हाताला लागली ती ओढली होती. आणि बिनचिठ्ठीचं कापड म्हणजे बेवारस, वाटेल त्याला वापरावं, हा दुकानाचा नियमही त्यांचाच.

"चिठ्ठी तुमच्या खिशात," मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या, "मग कापड?"

एकेक मान वर वळली. बाईंनी उठून फलकाचं टोक उलटवलं. मागे सुलट बाजू होती, तीवर बारीक किरमिजी रेघ. रंग नीट धरावा म्हणून मास्तरांनी उलट बाजू दर्शनी घेतली होती.

"निरपराध," कंडक्टरांनी निकाल दिला आणि वहीत लिहिलं: 'मंडळास पहिले यश.'

सोमवारी सकाळपर्यंत नवराबायकोंनी मिळून कोट उभा केला. कात्री बाईंची, मशीन मास्तरांची. अक्षरं सगळी आतल्या बाजूला गेली, फक्त मधला एक तुकडा कशातच बसेना. अस्तर टाचायचं तेवढं राहिलं होतं, तोच प्रिन्सिपॉलबाई आल्या. मास्तरांनी घसा खाकरून सगळं सांगितलं. नवीन कापड आणून देतो म्हणाले.

प्रिन्सिपॉलबाईंनी कोट उलटा करून पाठीवरची अक्षरं वाचली. 'खोटा आरोप सहन करणार नाही.' मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"राहू द्या हो मास्तर. लोकांचे संसार मोडते म्हणून मला काय काय ऐकावं लागतं! हे वाक्य माझ्या पाठीशी असलेलं बरंच." मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आणि फलकाच्या जागी हे काय लावलंय?"

तिथे मास्तरांच्या वळणदार अक्षरात माफीनामा होता. चार टाचण्यांनी, सरळ रेषेत.

त्या गेल्यावर मास्तरीणबाईंनी उरलेला तुकडा मास्तरांच्या हातात ठेवला. त्यावर एकच शब्द होता, 'पुरुष'.

"याचं काय करू?" मास्तरांनी विचारलं.

"द्या इकडे. उशीच्या अभ्र्याला लावते. कापड काही मिळायचं नाही मला, सुरुवात तरी होईल."

मास्तर उठले. कपाटातून त्यांनी चांगलं दोन मीटर पांढरं कापड काढलं, त्याला चिठ्ठी टाचली आणि तीवर पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून बायकोचं नाव लिहिलं.