मायाक्काच्या शेळीची मोहीम आणि सरकारी पेटीतला हातोडा

श्री सिद्धेश्वर कृपावंत. शके १८९८, नलनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. सोलापूर शहरी न्यायमंदिराच्या आवारात लिंबाखाली मेज टाकून एकवीस वर्षे अर्जनवीसी करणारा महादेवप्पा, याणे डोळ्यांनी पाहिले व कानी आले ते यथास्थित लिहिले. यांत पदरचे काही घातले नाही; आणि जेथे राग आला तेथे राग आला असेच लिहिले आहे.

कारण ऐसे जाहले की, अक्कलकोट रस्त्याच्या एका वाडीत मातुश्री मायाक्का, धनगरीण, एकट्या बाई, एका काळ्या शेळीवर आपले संस्थान चालवीत होत्या. शेळी डाव्या कानी चिरलेली, दुधास उत्तम, आणि ते दूध नाक्यावरच्या हाटेलात जाई, आणि त्यावर मायाक्कांची चूल पेटे. तों त्याच वाडीचे मातब्बर आडत व्यापारी, राजश्री चनबसप्पा, यांची एक काळी शेळी दिवाळीत नाहीशी जाहली होती, ती हीच, असा त्यांस भास जाहला आणि त्यांणी फिर्याद गुदरली. मग शिपाई आले आणि शेळी जप्त जाहली, आणि खटला संपेतोवर सांभाळावयास चनबसप्पांच्याच हवाली गेली. मायाक्कांवर चोरीचा आळ आला. मुलूख गेलाच होता, आता अब्रू जाण्याचा समय आला.

ऐसियास मायाक्कांच्या पक्षी एक जालीम हत्यार होते. त्यांचे चुलत दीर, सरदार बिरप्पा, यांणी ती शेळी दोन वर्षांमागे सांगोल्याच्या बाजारातून त्यांजकरिता आणिली होती, आणि बाजारची पावती, मायाक्कांच्या नावाची, चिरल्या कानाच्या खुणेसह, बिरप्पांच्या मुंडाशात सुरक्षित होती. ती पहिल्याच दिवशी वकिलास दिली असती तर आमचा हा कागद खर्ची पडता ना.

परंतु चैत्रात बिरप्पांची स्वारी विजापूर प्रांती बहिणीच्या गावी मुक्कामास गेली. तेथे शाळेच्या ओसरीत सरकारने टेलिव्हिजन नामे पेटी बसविली होती, आणि सांजवेळी सारा गाव तीपुढे मांडी घालून बसे. त्या पेटीत बिरप्पांणी न्यायसभा पाहिली. न्यायाधीशाच्या हाती लाकडी हातोडा, आणि वकील मेजावर मुठी आपटून गर्जना करिती, आणि निकालाचा हातोडा पडणार इतक्यात दारातून एक इसम धावत आला आणि 'निल्सी', म्हणजे थांबवा, म्हणून कानडीत ओरडला आणि त्याणे कागद फडकाविला, मग हातोडा हवेतच राहिला आणि आरोपी जागीच सुटला.

मग बिरप्पांणी विचार केला तो ऐसा: सिनेमा तिकीट काढून पाहावा, तो खोटा, हे सारे जाणतात. परंतु ही पेटी सरकारची आणि कोर्टही सरकारचे. तेव्हा पेटीत दिसते तीच कोर्टाची वहिवाट. पुरावा अगोदर दिला की तो फुकट गेला. हा विचार चुकीचा खरा, पण त्यात अक्कल नव्हती असे आम्हांस म्हणवत नाही.

वाडीस परतताच खलबत जाहले आणि बिरप्पांणी फर्मान सोडिले जे, कागद कोणास दाखवू नये.

"वैनी, हातोडा वर गेला की म्या आत. तवर गप ऱ्हायचं."

"पर वकिलाला तरी सांगू की, भावजी."

"न्हाय. लई हळू बोलतोय त्यो. कच्चा वाटतोय."

वकील म्हणजे शिवयोगी. मनुष्य सज्जन, कायद्यात पक्का, आवाज मात्र देवळात पुटपुटल्यागत. त्यांणी तीन वेळा पुरावा मागितला आणि मायाक्कांणी तिन्ही वेळा उत्तर दिले जे, हाय, भावजीपाशी हाय, वक्ताला येईल; सबब शिवयोगींणी बिरप्पांचे नाव तेवढे साक्षीदार म्हणून देऊन ठेविले.

मग ज्येष्ठ वद्य पंचमीस उभय सैन्ये न्यायमंदिरी दाखल जाहली. चनबसप्पा धुतल्या धोतरात, मागे चार साक्षीदार. इकडे मायाक्का एकट्या पिंजऱ्यात, आणि बिरप्पा आमच्या मेजामागे लिंबाच्या बुंध्यास चिकटून, नजर कोर्टाच्या खिडकीवर. आत मॅजिस्ट्रेटसाहेब खाली मान घालून लिहीत होते, आणि हाती हातोडा नव्हता, टाक होता. हे पाहून मायाक्कांचा धीर सुटला. हातोडाच नाही तर हे साहेब खरे की कोणाच्या बदली बसले आहेत, हे त्यांस कळेना. इतक्यात पट्टेवाल्याने ललकारी दिली की, बिरप्पा साक्षीदार हाजिर है? बिरप्पा जागचे हलले नाहीत. दुसरी ललकारी जाहली. आम्ही सांगितले की, जा, तुमचा पुकारा आहे.

"अजून हातोडा कुटं वर गेलाय?"

"या कोर्टात हातोडा नाही हो. एकवीस वर्षांत मी पाहिला नाही."

यावर सरदार हसले आणि म्हणाले, "तुमी बाहेर बसताय की." आम्हांस बहुत राग आला. तिसरी ललकारी विरली, आणि साहेबांणी साक्षीदार गैरहजर असे लिहिले, आणि निकालास आठ दिवसांनंतरची तारीख नेमून जेवावयास उठण्याची तयारी चालविली.

मग शिवयोगी बाहेर आले आणि झाडामागे बिरप्पा दिसले. बिरप्पांणी मुंडाशास हात लावून पुसले, "आता कागद घेऊन धावू का?" तेव्हा ज्या मनुष्याचा आवाज पहिल्या बाकापुढे गेला नव्हता त्याणे आमच्या मेजावर मूठ आपटली ती ऐसी की दौत लवंडली, आणि गर्जना केली:

"अरे मर्दा, बाई जन्माची चोर ठरंल की! काढ तो कागद!"

आवारातले टंकलेखक थांबले. चहावाला थांबला. बिरप्पांच्या मुद्रेवर मात्र आनंद पसरला. "ह्यो खरा वकील!" म्हणून त्यांणी मुंडासे सोडिले आणि पावती स्वाधीन केली. मग आम्ही सांडल्या शाईतच टाक बुडवून फेरसाक्षीचा अर्ज लिहिला, आणि साहेबांणी उठता उठता तो मंजूर केला, आणि दुपारी बिरप्पांची साक्ष जाहली. दिवाळीत हरवलेली शेळी दोन वर्षांमागच्या पावतीत कशी, असे शिवयोगींणी पुसले, तों चनबसप्पा आपल्या चार साक्षीदारांकडे पाहू लागले.

आठव्या दिवशी निकाल जाहला. साहेबांणी तो खालच्या आवाजात वाचिला की, आरोपी निर्दोष, शेळी परत द्यावी. मग पुढचा पुकारा जाहला. परंतु मायाक्का पिंजऱ्यातून हलेनात. शिवयोगींणी सांगितले की, बाई, सुटलात, तरी हलेनात, आणि डोळे साहेबांच्या रित्या हातावर. तों बाजूस कोर्टाचे मुख्य कारकून, शिरस्तेदार, यांणी शेळीपरतीच्या हुकुमावर शिक्का मारिला. लाकडी मुठीचा, जड. धप्प आवाज जाहला. मायाक्का दचकल्या, आणि पदर तोंडाशी लावून रडू लागल्या, आणि आम्हांसही गहिवर आला.

"सायेब, आनी एकदा मारा की," त्या म्हणाल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मायाक्का अब्रूनिशी सुटल्या, शेळी संस्थानी परतली, चनबसप्पांणी ती स्वतः दावे धरून पोहोचविली. कोर्टात हातोडा असतो आणि आपण तो ऐकिला, असे बिरप्पा वाडीत सांगतात. शिरस्तेदार, ज्यांणी उभ्या नोकरीत हुकुमावाचून शिक्का उचलिला नाही, त्यांणी बाईंच्या त्या बोलावर इकडे तिकडे पाहून टीपकागदावर तो पुन्हा एकदा मारिला. हे कायद्यात बसत नाही. सबब आम्ही ते पाहिले नाही, अशी येथे नोंद केली असे.