पडक्या ढाब्यांवरचं पावणं

बसूअण्णा पडक्या घरात शिरतानाही चपला बाहेर काढतात. छप्पर उडालेलं, चौकटी कुणीतरी उपटून नेलेल्या, खाली शेळ्यांच्या लेंड्या, तरी उंबरा होता तिथं थांबून ते आधी ओरडणार, "कोन हाय का आत? कोल्हापूरचं पावणं आल्यात!"

आत कुणी नसतं. खरं तर 'आत'च उरलेलं नसतं.

शिवाजी पेठेत अण्णा माझे शेजारी. जन्मभर त्यांनी शाहूपुरीतला गूळ ट्रकनं राजस्थानात पोचवला. तिकडच्या वाळवंटात एकदा ते तापानं फणफणले, तेव्हा उम्मेदजी नावाच्या ढाबेवाल्यानं त्यांना आठ दिवस खाटेवर झोपवून उंटिणीचं दूध पाजलं. "फुडच्या खेपंला गुळाचा रवा आणतो," असं अण्णा सांगून आले, पण त्या रस्त्याची खेप पुन्हा काही मिळालीच नाही. आता नवा हायवे झालाय, जुन्या रस्त्यावरचे ढाबे ओस पडलेत. रिटायर झाल्यापासून अण्णा दर दिवाळीनंतर पाच किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, घेऊन उम्मेदजींना शोधायला जातात. यंदा सोबतीला मला नेलं.

पहिल्याच पडझडीपाशी त्यांनी भाड्याची जीप थांबवली. "मास्तर, ह्योच त्यो ढाबा! काय शंकाच न्हाय. हितं माजी खाट व्हती."

मी भक्तिभावानं फोटो काढला. चार किलोमीटरवर दुसरा ढाबा लागला. "ह्योच की! शंकाच न्हाय."

"मग मघाचा?"

"त्यो बी व्हताच की."

पाचव्या ठिकाणी तर त्यांची खाट बंद पेट्रोलपंपाच्या केबिनमध्ये निघाली. माझं डोकं पार गरगरलं. आपण नक्की काय शोधतोय, हेच मला कळेना.

तेवढ्यात शेळ्या राखणारा एक म्हातारा हसत जवळ आला. "बाबा, फिर आ गए? उम्मेदजी तो नए हाईवे पर हैं. पिछले साल भी बताया था."

मी भडकलो. "अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं? मग चला की तिकडं!"

अण्णा रव्यावरचं फडकं उगाच नीट करत राहिले. "गेलतो दोनदा. मोट्टं हाटेल हाय त्याचं. भाईरनंच बगून आलो."

"का पण?"

"सगळा जल्म रस्त्यावर गेला, मास्तर. पेठंत बी निम्मी मानसं मला वळकत न्हाईत. ह्यो येक वळकंल, असं वाटतंय. त्यानं बी 'कोन तुमी' म्हनलं तर?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. जीपवाला कुठं घेऊ म्हणून विचारत होता, आणि अण्णा अजून रव्यावरचं फडकंच नीट करत होते.