चाकांनी घासाघीस

रविवारी भल्या सकाळी बेल सलग तीनदा वाजली की बायको डोळे न उघडताच म्हणते, "जा, तुझे तावडेकाका आले." दारात आमचे हे शेजारी उभे असतात, गाडीची चावी बोटावर गरगर फिरवत.

"चल रे! पेट्रोल भरून येऊ!"

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगपासून पंप हाकेच्या अंतरावर आहे, पण काका त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. "भाजीवाल्याशी घासाघीस तोंडाने करायची, पेट्रोलची चाकांनी," हा त्यांचा सिद्धांत. ठाण्यात भाव काही पैशांनी उतरलाय असं कोणीतरी लिफ्टमध्ये म्हणालं, तर काका घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अख्खी सकाळ घालवून आले आणि खालूनच ओरडले, "झकास! टाकी फुल!"

मी एकदा समजवायला गेलो.

"काका, वाचतं त्यापेक्षा जास्त जाण्यायेण्यात जळतं ना!"

"अरे बाबा, जळतं ते जुनं, महागातलं! भरतो ते नवं, स्वस्तातलं!"

मी अकाउंट्समध्ये नोकरी करतो. त्या दिवशी ऑफिसात मला माझ्याच बेरजा पटेनात.

गेल्या रविवारी मात्र काकांनी हद्दच केली. म्हणजे राज्याची हद्द ओलांडायचं ठरवलं. "आज गुजरात! तिकडे लिटरमागे कितीतरी कमी!"

काकू गेल्यापासून त्यांना सोबत लागते, म्हणून मीही बसलो. वसईची खाडी मागे पडली तसे काका दशावतारातली पदं गाऊ लागले. मध्येच पंप दिसला की पद तोडून गर्जना, "लुटारू!" पुढचा पंप, "हा त्याचा भाऊ!" हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. सीमा ओलांडली तेव्हा त्यांनी असा हॉर्न वाजवला की शेजारचा ट्रकवाला दचकला.

गुजरातचा पहिला पंप आला. काका थांबले नाहीत. दुसरा आला, तोही गेला.

"काका, इकडे सगळ्या पंपांवर भाव तोच आहे!"

"हंय नको," एकदम मालवणीवर येत एवढंच म्हणाले. पदंही थांबली होती.

वापीजवळच्या एका पंपात त्यांनी गाडी वळवली आणि पेट्रोल न भरताच हवा भरायच्या जागेपाशी लावली. तिथे एक मुलगी स्कूटरला टेकून उभी होती. मी ओळखलं, वैशू! काकांची मुलगी. तिने इथल्या मुलाशी पळून लग्न केलं, तेव्हा 'तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही' अशी शपथ काकांनी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी घेतली होती.

"बाबा, घरी चला ना," ती म्हणाली.

"कशाक? मी पेट्रोल भरूक इलंय."

असं म्हणत त्यांनी डिकीतून डबा काढला. झाकण उघडताच बांगड्याच्या तिखल्याचा वास दरवळला. "पहाटे उठून केलंय. तुझ्या सासरी मासळी चालत नाय मा."

वैशू मागच्या सीटवर बसून भराभर जेवू लागली. नाक लाल, डोळ्यांत पाणी, तिखटाचं असावं. काका खिडकीशी वाकून बघत होते.

"थांब गो, काटो काढतंय," म्हणाले, आणि खिडकीतून हात आत घालून लेकीच्या घासातला काटा वेचू लागले.