महिपतीबुवांच्या नाकाचा तपास

या मायबाप, जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरकावं, सतरंजी सगळ्यांचीच आहे. आज एका नाकाची गोष्ट सांगतो. नाक साधंसुधं नाही, कीर्तनकाराचं आहे. त्याला कुलूप कुणी लावलं, याचा सोलापुरात कसा तपास झाला ते ऐका. हसू आलं तर दाबू नका; हसणाऱ्याला देव मंडपाबाहेर काढत नाही.

सात रस्त्याजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर सिद्धलिंगप्पांचं ऑफिस. आल्यागेल्याला ते स्वतःची ओळख अशी करून देतात : "मी सिद्धलिंगप्पा. या मुलखातला पहिल्या क्रमांकाचा शोधक. दुसरा क्रमांक अजून रिकामा आहे. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदू... मेंदूला शोभेल असं जनावर अजून सापडलेलं नाही." त्यांच्या मदतनिसाला, शहाजीला, ते जनावर केव्हाच सापडलं होतं. त्याचं नाव तोंडातून निसटू न देणं, हेच त्याच्या नोकरीतलं अवघड काम.

एका सकाळी वैरागचे महिपतीबुवा जिना चढून आले. मागोमाग त्यांच्या मंडळी, मथुराबाई.

"दबस्कार," बुवा म्हणाले.

"शहाजी, सांकेतिक भाषा. लिहून घे."

"भाषा न्हाय वो, नाक गच्च हाय त्यांचं," मथुराबाई म्हणाल्या. "दिवाळीत सर्दी झाली, तवापासनं असंच. कपाळ जड, गालफडं ठणकत्यात, वास तर कशाचाच येत न्हाय. रातभर तोंड उघडं टाकून झोपत्यात. आन रविवारी होटगीत काल्याचं कीर्तन! मंडळवाले म्हणत्यात, बुवांना जमंना तर श्रीपूरच्या सिद्धनाथबुवांना बसवतो. यंदापुरतं न्हाय, कायमचं."

बुवांनी मान खाली घातली. होटगीचा काला हातचा गेला तर टाळ खुंटीला टांगायचे, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

सिद्धलिंगप्पांनी बुवांच्या नाकात टॉर्च मारली, बराच वेळ पाहिलं आणि निष्कर्ष दिला, "आत अंधार आहे." मग डोळे मिटून दुसरा दिला, "सिद्धनाथबुवा! उदबत्तीत मिरचीपूड!"

खोट्या दाढ्या लावून सिद्धलिंगप्पा आणि शहाजी श्रीपूरला गेले. सिद्धनाथबुवा ओट्यावरच होते. "या सिद्धलिंगप्पा. दाढी उलटी लागलीय, जेवताना त्रास हुईल. काढून ठिवा की." त्यांनी दोघांना पोटभर जेवू घातलं आणि निघताना नाकात घालायच्या थेंबांची बाटली हातात दिली. "महिपतीबुवांना द्या. लई गुणकारी हाय म्हणत्यात."

"गुन्हेगार औषध देत नाही," सिद्धलिंगप्पांनी परतीच्या वाटेवर जाहीर केलं. महिपतीबुवा भेटताच त्यांनी स्वतःच्या हातानं ते थेंब बुवांच्या नाकात सोडले. नाक मोकळं झालं, बुवांनी अख्खा अभंग खणखणीत म्हटला. दुपारपर्यंत नाक पुन्हा बंद.

"बघ शहाजी, औषध उतरायची वाट बघून वार करतो. म्हणजे गुन्हेगार आसपासच आहे!"

"लईच आसपास हाय साहेब," शहाजी म्हणाला. त्याला तसं काही माहीत नव्हतं. होकार द्यायची सवय होती, इतकंच.

पुढचा संशय बुवांच्या पेटीवर. भात्यातून जुनी धूळ उडते आणि ती बुवांच्या नाकात जाते, असा सिद्धान्त. पेटी उघडली. आत एक सुपारी आणि उंदराचं भरलं घर निघालं. पेटी पुन्हा जोडली तेव्हा काळी दोन दाबली की शेळी ओरडे. बुवांना वाईट वाटलं म्हणून सिद्धलिंगप्पांनी पुन्हा थेंब घातले.

शेवटी मथुराबाईंचा धीर सुटला. "तपास ऱ्हाऊ द्या तुमचा. नाकाच्या डाक्टरीनबाईकडं चला आदी."

डॉक्टर राजनंदिनींनी नळी घालून नाक पाहिलं. सिद्धलिंगप्पा मिरचीपुडीवर बोलत होते. बाईंनी त्यांना हातानंच गप्प केलं. "बुवा, नाकात काय घालता?"

मथुराबाईंनी कीर्तनाची झोळी टेबलावर उपडी केली. बाटल्याच बाटल्या! थेंब, थेंब आणि थेंब.

"दिवाळीनंतर कीर्तनात ह्यांनी दृष्टांत दिला," मथुराबाई म्हणाल्या. "हरिनाम म्हंजे नाकातला थेंब, सोडला की जीव मोकळा. तवापासनं गावोगाव लोक हार-नारळासंगं बाटली आणत्यात. आन हे भक्ताचं मन मोडीत न्हाईत. ज्यानं आणली त्याच्यासमोर नाकात घालत्यात."

"सर्दी केव्हाच गेली," डॉक्टर म्हणाल्या. "हे थेंब तीन-चार दिवसांपुरते. त्यापुढं घातले की असर उतरताना नाक आतून आणखी सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. आता नाक बंद आहे ते या थेंबांमुळंच. आज कुणी घातले?"

शहाजीनं पंख्याकडं पाहिलं. सिद्धलिंगप्पांनीही. पंखा बंद होता.

"थेंब आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "पाणी उकळून गार करा, मीठ घाला, त्यानं नाक धुवा. हा स्प्रे लिहून देते, तो सावकाश काम करतो. ताप चढला किंवा डोळ्यांभोवती सूज आली तर थांबू नका, लगेच या. आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. सुरुवातीला नाक याहून जास्त बंद होईल."

"रविवारी?" मथुराबाईंनी विचारलं.

"रविवारी तर होईलच."

रविवारी होटगीचा मंडप गच्च आणि बुवांचं नाक त्याहून गच्च. कीर्तनाआधी एका म्हाताऱ्यानं बाटली पुढं केली, "बुवा, दोनच थेंब. माज्यासाठी." बुवांचा हात पुढं गेला. मथुराबाईंनी तो धरला. "देवानं तुमचं नाक कवा बघितलं? हुबं ऱ्हावा."

बुवा उभे राहिले. पहिलंच नाव रामाचं. "राब," आवाज आला. मागची पोरं हसली. मंडळाचे अध्यक्ष उठून, पहिल्या रांगेत तयारीनं बसवलेल्या सिद्धनाथबुवांच्या दिशेनं निघाले. बुवांनी पुन्हा तोंड उघडलं, "रा..." म्हटलं आणि थांबले. पुढं जाववेना.

बायकांच्या बाजूनं एकट्या मथुराबाईंचा आवाज आला, "म."

बुवांनी वर पाहिलं. "रा..." आता अर्धा मंडप, "म!" तिसऱ्यांदा सगळे, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज सिद्धनाथबुवांचा. अध्यक्ष वाटेतच खाली बसले आणि टाळ्या वाजवू लागले. त्या दिवशी बुवांनी निम्मं नाव घेतलं, होटगीनं निम्मं, आणि काला झाला. पुढच्या वर्षीचं निमंत्रण तिथल्या तिथं मिळालं.

मायबाप, एवढंच मागणं आहे. उद्या सकाळी रामाचं नाव घ्याल, तेव्हा शेवटच्या अक्षरापाशी क्षणभर थांबा आणि मथुराबाईंची आठवण ठेवा.