सापडलं ते फटीत

"अण्णा शनिवारनंतर येणार नाहीत म्हणे," नवरा म्हणाला, आणि वहिनींच्या हातातला हँगर हातातच राहिला.

लाँड्रीत सगळे त्यांना वहिनी म्हणत, आणि इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या असलेल्या अण्णांनीच ते नाव सुरू केलं होतं. अण्णा सासऱ्यांच्या काळापासूनचे. सासऱ्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता: कपड्याच्या खिशात जे सापडेल ते आधी डब्यात, मग चौकशी. बटण असो, नोट असो, नाहीतर कुणाचं प्रेमपत्र असो, सापडलेली वस्तू हातात क्षणभरही रेंगाळता कामा नये. डबा फळीवर उघडाच असे. त्यात कुणीही टाकावं आणि कुणीही काढावं अशी सोय होती, पण काढत कुणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात मात्र हिरव्या कोटवाल्या बाईंनी भर दुकानात आवाज चढवला. "माझी अंगठी कोटाच्या खिशात होती. आता नाही. कोट ज्याच्या हातात होता त्याला विचारा!" कोट अण्णांच्या हातात होता. अण्णांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि भर दुपारी ती इस्त्री गार पडलेली वहिनींनी पहिल्यांदाच पाहिली.

"मी त्यांच्या पाया पडते," वहिनी म्हणाल्या.

"पडून झालं माझं," नवरा म्हणाला. "ते म्हणतात, राग नाही. पण या वयात बोट दाखवून घ्यायचं नाही."

रोज शटर वर करण्याआधी वहिनी घटकाभर हात जोडून उभ्या राहत आणि ज्यांच्या जिवावर दुकान चालतं त्यांची आठवण करत. देव, सासरे आणि अण्णा, या क्रमाने. त्या दिवशी त्यांनी क्रम बदलला आणि अण्णांना आधी घेतलं. हात सोडता सोडता त्यांना सुचलं की डबाच बदलायचा. वस्तू आत जाईल, पण एकट्यादुकट्याला बाहेर काढता येणार नाही, अशी तिजोरी आणायची. मग कुणाची बोट दाखवायची छाती होणार नाही.

तिजोऱ्यांचं माहितीपत्रक आलं. नवऱ्याचा जीव नंबरवालीवर जडला. "अगं, ही बोलते! दार उघडं राहिलं की सांगते."

"आपल्या फाटकाला नंबराचं कुलूप होतं तेव्हा किती वेळा भिंतीवरून उडी मारलीत?"

नवऱ्याने गुडघा चोळला आणि पान उलटलं. पुढच्या तिजोरीला वर खण होता, पण तो इतका लहान की त्यात चष्मा टाकायचा तर आधी मोडावा लागला असता. तिसरी वहिनींना पाहताक्षणी पटली. वर रुंद, तिरकी फट. फटीच्या आत लोखंडी दाते, म्हणजे गेलेली वस्तू परत वर यायची नाही. आणि दाराला दोन कुलपं. दोन्ही किल्ल्या एकदम फिरवल्या तरच दार उघडणार.

"एक आपल्याकडे," वहिनी म्हणाल्या, "आणि एक अण्णांकडे."

"अण्णा तर चाललेत."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.

शुक्रवारी तिजोरीवाला नमुन्याची तिजोरी ढकलगाडीवर घालून हजर झाला. घामाघूम झालेला, आणि कोटाच्या बाहीची पार रया गेलेली. चुरगळलेली बाही अण्णांना कधी बघवली नाही. "द्या इकडे, हात फिरवतो," म्हणत त्यांनी कोट अंगातून उतरवूनच घेतला. उद्या जाणारा माणूस आजही परक्याच्या बाहीसाठी हळहळतो, हे पाहून वहिनींचे डोळे भरून आले.

तिजोरीवाल्याने दार उघडून दाखवलं, लावून दाखवलं आणि दोन्ही किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. नवऱ्याने सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, "आजपासून सापडलेलं डब्यात नाही. सापडलं ते या फटीत. आई, ऐकलंत?"

सासूबाईंना कानाने जरा कमी ऐकू येई, पण सासऱ्यांच्या नियमाचा विषय निघाला की शब्दन् शब्द ऐकू येई. "फटीत," त्या म्हणाल्या. "मालक येईपर्यंत हात लावायचा नाही."

"अगदी बरोबर."

मग नवऱ्याने एक बटण आत टाकलं, तारेचा हँगर सरळ केला आणि फटीत घालून मासे धरावेत तसा गळ टाकून बसला. तिजोरीवाला वाकला, वहिनी वाकल्या. "येतंय, येतंय," नवरा म्हणत होता. येत काहीच नव्हतं, आणि आता हँगरही अडकला होता.

तेवढ्यात सासूबाई आतून चहा घेऊन आल्या. काउंटर पुसायला फडकं घेतलं, तर बेवारस किल्ल्या! इतकी वर्षं केलं तेच त्यांनी केलं. वस्तू उचलली, इकडेतिकडे न बघता जागेवर टाकली आणि चहा ठेवून आत गेल्या.

टण्ण.

"बटण हललं!" नवरा ओरडला.

हँगर शेवटी दोन तुकड्यांत बाहेर आला. तिजोरीवाल्याची छाती फुगली. "बघा! काहीही करा, निघणार नाही. आता किल्लीने उघडू." त्याने काउंटरवर हात नेला. मग चहाच्या कपाखाली बघितलं. मग बशीखाली.

"आई," वहिनींनी आत डोकावून हळूच विचारलं, "इथे किल्ल्या होत्या..."

"फटीत," सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. तिजोरीवाला मात्र हसला. "घाबरू नका, ताई. आमच्या धंद्यात असं होतंच. दुसरी जोडी माझ्या कोटाच्या खिशात आहे."

अण्णा कोट घेऊन आले. बाही अशी झाली होती की तिजोरीवाला ती बघतच राहिला. मग त्याने खिशात हात घातला. उजव्या, डाव्या, आतल्या.

"खिसे बघितल्याशिवाय मी इस्त्री मारत नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "किल्ल्या होत्या, पाकीट होतं, फोन होता. मी आईंच्या हातात दिलं. नवा नियम त्यांनाच सांगितलाय ना मालकांनी?"

"फटीत," आतून आवाज आला.

तिजोरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनींनी त्याला चहा पुढे केला, कारण दुसरं पुढे करण्यासारखं काही बाहेर उरलंच नव्हतं. नवऱ्याने माहितीपत्रकावरून कंपनीला फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबा, आधी आमच्या माणसाशी बोलतो."

क्षणभराने तिजोरी वाजू लागली. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. फोन दमून बंद झाला.

"उचलत नाही," साहेब नवऱ्याला म्हणाले. "फार कामात असेल."

शेवटी कारागीर पाठवायचं ठरलं. आणि तो यायच्या आत हिरव्या कोटवाल्या बाई आल्या.

"माझ्या अंगठीचं काय झालं?" बाईंनी हातमोजे काउंटरवर आपटले. "आणि हे बघा! मागच्या महिन्यात तुमच्याकडे धुतले, तर डावा आटलाय. बोट शेवटपर्यंत जातच नाही. आठवडाभर उघड्या हाताने फिरतेय मी."

"बसा ना, बाई," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडून चूक झाली असेल तर भरून देईन. फक्त अण्णांना काही बोलू नका. ते उद्या जातायत."

"हो का? आत्ताच बरे निघाले?"

"उद्या," अण्णा म्हणाले.

वहिनींनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, समजूत घातली. हे होईपर्यंत काउंटर पुन्हा एकदा स्वच्छ झाला होता. बाईंनी मागे वळून पाहिलं. "माझे हातमोजे?"

या वेळी कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी तिजोरीकडे पाहिलं.

"वा!" बाई ताडकन उठल्या. "आता माझ्या डोळ्यांदेखत! मी इथून हलणार नाही."

"मीही नाही," तिजोरीवाला म्हणाला. "माझ्या गाडीची किल्लीपण आत आहे."

कारागीर आला तेव्हा सगळे एका बाकावर दवाखान्यात बसल्यासारखे बसले होते. त्याने बरीच खटपट केली, कंपनीतून आणलेल्या किल्ल्या लावल्या, आणि वहिनींनी मनातल्या मनात हात जोडले असताना दार उघडलं. पाकीट निघालं, फोन निघाला, बटण निघालं. किल्ल्यांचा एक जुडगा हातमोज्यात गुंतला होता. कारागिराने हातमोजा बोटांच्या टोकाला धरून झटकला. किल्ल्या पडल्या. त्याने पुन्हा झटकला.

काउंटरवर अंगठी गरगरत पडली.

ती गिरक्या घेत थांबते न थांबते तोच काउंटरमागून एक सुरकुतलेला हात अलगद पुढे आला.

"आई, नको!" सगळे एका आवाजात ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज हिरव्या कोटवाल्या बाईंचा होता.

बाईंनी अंगठी उचलली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डाव्या हातमोज्याकडे. कोट टाकायला आल्या त्या दिवशी घाईत हातमोजा ओढून काढला, त्याबरोबर अंगठीही निघाली, खिशात ती कधी ठेवलीच नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर आपोआप उमटत गेलं. त्या सावकाश अण्णांपाशी गेल्या. "मी फार वाईट बोलले हो. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते."

अण्णांनी हातमोजा उचलला, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला आणि त्यांच्या हाती दिला. "आता घालून बघा. आटला नसेल."

बाईंनी घातला. बोट शेवटपर्यंत गेलं. त्या रडता रडता हसल्या.

तिजोरीवाल्याने पाकीट उघडूनही पाहिलं नाही, तसंच खिशात टाकलं. "ताई, घेणार ना?" त्याने भीत भीत विचारलं. "तसं पाहिलं तर मला, कंपनीच्या माणसालाही, उघडता आली नाही."

"हीच घेणार," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन किल्ल्या निवडल्या. एक आपल्या कमरेला खोचली आणि दुसरी अण्णांसमोर धरली.

अण्णांनी किल्लीकडे पाहिलं, मग तिजोरीकडे. "ही भिंतीवर बसवायची असेल तर उंच बसवा," ते म्हणाले. "माझा हात पोचेल, आईंचा पोचणार नाही, अशी. सोमवारी सकाळी मी येताना स्टूल आणतो." आणि त्यांनी इस्त्रीचं बटण चालू केलं.

वहिनी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आल्या. मग सासूबाईंच्या पायांशी वाकल्या. "आई, आज तुमच्यामुळे सगळं मिळालं. अंगठी मिळाली, अण्णा मिळाले."

सासूबाईंना त्यातलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि काळजीने विचारलं, "ते असू दे गं. पण सकाळी काउंटरवर किल्ल्या सापडल्या होत्या, त्यांचा मालक आला का?"