सेराफिनच्या थडग्यावरचं पाणी

सेराफिनच्या थडग्यावरचं एडलवाइसचं तिसरं रोपही मान टाकून पडलं, तेव्हा नॉटबुर्गाने मूळ चिमटीत धरून दाबलं. कुजक्या पाण्याने बोटं ओली झाली. तीस वर्षं औषधांच्या दुकानात तराजू धरलेल्या बाईला आणखी पुरावा नको होता.

"माझ्यावर बेगोनिया लावू नकोस, एडलवाइस लाव," एवढंच तिचा नवरा शेवटी मागून गेला होता. म्हणून तिने काळी माती उपसून खडी आणि चुनखडीचा चुरा भरला. डोंगरकड्यावरचं झाड ते. उपाशी राहील, सहा महिने बर्फाखाली झोपेल, पण पाय ओले राहिले की संपलंच. गावाची रीत मात्र अशी, की आपलं थडगं भिजवून झाल्यावर झारीत उरलेलं पाणी वाटेतल्या कोरड्या थडग्यावर ओतायचं. आणि सेराफिन नळाच्या वाटेवरच होता.

तिने शेजारच्या रोझिनाला शांतपणे समजावलं. रोझिनाने मान डोलावली आणि बिचारीला आता झारी उचलवत नाही असं गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सात जणींनी पाणी घातलं. मग नॉटबुर्गाने पाटी लावली, 'कृपया पाणी घालू नये'. ती वाचून पाद्री घरी आले आणि मेलेल्या माणसावर इतका राग बरा नव्हे, असं कॉफी पिता पिता म्हणाले. तिच्या दिराने तर भावाच्या मायेने टोपलीभर शेणखत आणून पसरलं.

वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला आठवडा उरला होता. पाटी काखेत मारून ती परत निघाली, तेव्हा भिंतीलगत तिला इग्नात्सचं थडगं दिसलं. हा इग्नात्स हातभर कुंपणासाठी सेराफिनशी अकरा वर्षं भांडला होता, आणि उरलेल्या वेळात गावाशी. त्याच्यावर कुणी थेंब सांडत नसे. तिथल्या उघड्या खडीत, कधीतरी वाऱ्याने डोंगरावरून आणलेल्या बीमधून, एडलवाइसचे पाच पांढरे लोकरी तारे फुलले होते.

नॉटबुर्गा रोज तिथे जाऊन बसू लागली. चौथ्या दिवशी रोझिना भरली झारी घेऊन मागे उभी राहिली.

"तू इथे का बसतेस गं? बघणाऱ्याला भलतंच वाटेल. आणि तुझा जीवच असेल या झाडावर, तर मी घालते की रोज पाणी."

नॉटबुर्गाने झारीकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. समजावून सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"भलतंच नाही, रोझिना," ती म्हणाली. "खरंच आहे ते. जुनी गोष्ट. सेराफिनला कधी कळलं नाही."

रोझिनाने झारी तशीच भरलेली परत नेली. इग्नात्सच्या वाटेला त्यानंतर कुणीही फिरकलं नाही.

प्रार्थनेच्या दिवशी नॉटबुर्गाशी कुणी बोललं नाही. फसवल्या गेलेल्या सेराफिनची कीव येऊन बायकांनी आदल्या दिवशीच त्याच्यावर लालभडक बेगोनिया लावली होती, दोन रांगा, चिंब भिजवून. सगळे पांगल्यावर तिने खिशातून एक पांढरा तारा काढला आणि त्या लाल गर्दीत खोचला.

"घे, आलं फूल," ती हळूच म्हणाली. "कुणाकडून आणलं ते तेवढं विचारू नकोस."